त्यांच्या नावाने गेलेला बदल

माझे यजमान भाद्रपदात गेले. त्यांच्या ईमेलचा पासवर्ड स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला होता, पण तो वापरायला मला मार्गशीर्ष उजाडला. ते ज्या शाळेत गणित शिकवत तिने सेवापुस्तकासाठी काही जुनी पत्रे मागितली होती. ती शोधायला मी त्यांचा लॅपटॉप उघडला. पत्रे लगेच सापडली. त्यांच्या वर त्याच सकाळी आलेला एक निरोप होता, आणि तो माणसाने लिहिलेला नव्हता. या कामात बरेच दिवस हालचाल नाही, तीन आठवड्यांत कोणी काही केले नाही तर ते बंद करण्यात येईल, असे त्यात म्हटले होते.

हे काम कुठले, ते मला ढोबळपणे माहीत होते. चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ते शाळेची मुले घेऊन दरेकशाच्या डोंगरात गेले होते. त्या भागात फोनला नेटवर्क नसते, म्हणून त्यांनी पायवाटांचा नकाशा दाखवणारे एक ॲप घेतले होते, नेटवर्कशिवाय चालणारे. ते कुणा कंपनीचे नाही. जगभरातली माणसे फावल्या वेळात ते लिहितात, त्याचा सगळा कोड उघड्यावर ठेवलेला असतो, आणि कोणीही त्यात बदल सुचवू शकते. जाणकार तो तपासतात आणि पटला तर आत घेतात. त्या नकाशात डोंगरापलीकडे एक निळे तळे दिसत होते. मुलांच्या बाटल्या संपल्या होत्या, म्हणून हे सगळ्यांना घेऊन तिथवर उतरले. तिथे तडकलेला चिखल होता आणि चिखलात वाळलेले शिंपले.

घरी आल्यावर त्यांनी ॲपवाल्यांना तक्रार लिहिली. उत्तर आले: "तुमचे म्हणणे बरोबर आहे. दुरुस्ती तुम्हीच करा. कशी करायची ते मी सांगतो."

उत्तर देणाऱ्याने नाव लिहिले नव्हते. फोटोच्या जागी एक निळी किटली होती. तो कुठल्या देशातला, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. त्याच्याकडे बर्फ पडतो एवढे कळले. आमच्या घरात त्याचे नाव किटलीवाला पडले. रोज सकाळी शाळेआधी दोन तास हे त्याच्याकडे असत. तसे मी तेव्हाही म्हणत असे, थट्टेने.

"काय करता एवढं?" मी चहा ठेवताना विचारायची.

"बोडी सुकवून राहिलो."

ते दवनीवाड्याचे. माझ्याशी एरवी पुस्तकी मराठीत बोलत, थट्टा करायची असली की गावच्या बोलीत शिरत.

"मग सुकली का?"

"किटलीवाला सुकू देऊन नाही राहिला. म्हणते, पुरावा दे."

बोडी म्हणजे धानाच्या बांध्यांच्या, भातखाचरांच्या, डोक्याशी मातीची पाळ घालून केलेले लहान तळे. आमच्या गोंदिया जिल्ह्यात ती गावोगाव आहेत. नकाशात मात्र समुद्र, धरण आणि बोडी सगळे सारखेच निळे आणि बाराही महिने भरलेले दिसे. ज्या महिन्यांत बोडीत पाणी असते तेव्हा ती निळी दिसावी, नसते तेव्हा तिची नुसती तुटक कड दिसावी, एवढे यांना करायचे होते. एवढ्यासाठी ते वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कोड लिहायला शिकले. मला त्यांचे कौतुक होते. कौतुक होते म्हणूनच मी त्यात कधी डोकावले नाही.

त्या निरोपावरून मी त्या कामाच्या पानावर गेले. वर त्यांनी केलेले बदल होते आणि खाली त्या बदलांवर दोघांचे बोलणे होते, साडेतीन वर्षांचे. इंग्रजीत, पण दोघांचेही इंग्रजी साधे आणि आखूड. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. काहीही वाचायचे तर पहिल्या पानापासून वाचायचे अशी सवय आहे. तसेच वाचले, रोज थोडे, त्यांच्याच टेबलाशी बसून.

पहिल्या दिवशी मला बरे वाटले. त्यांचा आवाज ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी किटलीवाल्याने विचारलेला एक प्रश्न आला. बोडी किती खोल असते? हे लिहितात: "मी सात वर्षांचा असताना एका बोडीत बुडता बुडता वाचलो. त्यामुळे खोली मला पक्की माहीत आहे. पायाला तळ लागला नव्हता. पाण्याखालून आभाळ हिरवे दिसते."

मी ते वाचून उठले, गॅस बंद आहे का पाहिला आणि परत येऊन बसले. आमच्या लग्नाला बावीस वर्षे झाली होती. आम्ही दर हिवाळ्यात बोदलकशाच्या तळ्यावर जायचो. मी पाण्यात पाय सोडून बसायची आणि हे काठावर बूट घालून उभे राहायचे. पँटीची इस्त्री मोडेल म्हणून येत नाहीत, असे मी समजत असे, आणि तसे चारचौघांत बोलूनही दाखवत असे. ते हसायचे. पाण्याखालून आभाळ हिरवे दिसते हे त्यांनी बर्फातल्या एका माणसाला सांगितले होते. तो त्यावर म्हणाला होता, "मग कमाल खोली दोन मीटर धरू."

त्यानंतर मी कौतुकाने वाचले नाही. हिशेब मांडल्यासारखे वाचले. याला काय काय सांगितले, आणि मला काय नाही. त्यांना सातवीत गणितात नापास केले होते, हे त्याला माहीत होते. शाळेत मुख्याध्यापक व्हायचे त्यांनी स्वतःहून नाकारले होते, हे त्याला माहीत होते. मला वाटत होते की त्यांना डावलले. त्याच्या आईचे खुब्याचे हाड मोडले होते आणि हे दर पंधरा दिवसांनी तिची चौकशी करत होते. माझ्या आईला फोन करायची मला त्यांना आठवण करून द्यावी लागे.

शेवटी मी जे करायला नको होते ते केले. पानावर शोधायची सोय असते. तिथे मी "बायको" हा शब्द इंग्रजीत टाकला. साडेतीन वर्षांत तो एकदाच आला होता. "बायको हाक मारते आहे. राहिलेले उद्या."

दुपारी कॉलेजात मी एका मुलीने वेळेत परत केलेले पुस्तक उशिराचे म्हणून नोंदले. तिने दाखवल्यावर तिची क्षमा मागितली.

त्या पानावरचे शेवटचे बोलणे असे होते. किटलीवाल्याने विचारले होते: "तुमच्या महिनावार तक्त्यात एकच बोडी एका वर्षी ऑक्टोबरअखेर कोरडी आहे, दुसऱ्या वर्षी मार्चपर्यंत भरलेली. असे कसे? खरे कुठले धरायचे? हे कळले की काम पुरे होईल." यांनी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिले होते, "गावात विचारून सांगतो." त्यानंतर बारा दिवसांनी ते शाळेच्या स्टाफरूममध्ये खुर्चीतच गेले. त्याखाली किटलीवाल्याचे तीन निरोप होते, महिन्याला एक. शेवटच्यात त्याने लिहिले होते: "तुम्ही कामात असाल. इतके चांगले काम पडून राहू नये. तुमची हरकत नसेल तर राहिलेले मी करून टाकतो."

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचले. भला माणूस होता, ते दिसत होते. पण त्यांच्या हातून सुटलेली शेवटची गोष्ट त्याने उचलून पुरी करावी, हे मला सहन होणार नव्हते. सकाळचे दोन तास त्याने घेतले, बोडी घेतली, हिरवे आभाळ घेतले. हे तरी मी देणार नव्हते. त्यांचे राहिलेले काम मी करणार होते आणि त्यासाठी माझ्याकडे दोन आठवडे उरले होते.

प्रश्नाचे उत्तर गावात होते म्हणून मी रविवारी एसटीने दवनीवाड्याला गेले. माझ्या थोरल्या जाऊबाई परसात लाखोरीची भाजी निवडत बसल्या होत्या.

"एकटीच आली का वो? सांगून आली असती तं पोराले पाठवला असता फाट्यावर."

"एक विचारायचं होतं, बाई. आपली खालची बोडी कधी आटते?"

त्यांनी भाजीतून मान वर केली. "गोंद्यावरून बोडी विचाराले आली?"

"हो."

"काऊन? विकाची हाये का?"

"नाही. यांचं मोबाईलवरचं एक काम राहिलं आहे. त्यात लिहायचं आहे."

"त्याचा मोबाईल सरला नाही का अजून बाप्पा," त्या म्हणाल्या आणि पदराने नाक पुसले. "तुह्या घरी मोबाईल, माह्या घरी पत्ते. एकाच घरच्या सुना आपन. बस. चहा ठेवतो."

चहा घेताना मी तो प्रश्न त्यांना समजावून सांगितला, की बोडी एका वर्षी कार्तिकात कोरडी का आणि दुसऱ्या वर्षी होळीपर्यंत भरलेली का.

"आटत नाही वो ते. सोडतेत," त्या म्हणाल्या, लहान पोराला सांगावे तशा. "दसऱ्याच्या टायमाले धान निसवते, लोंब निंगते. तवा पाणी नाही आला, का पाळ फोडतेत आन बांधीत सोडतेत. मंग कार्तिकातच बुड दिसते. ज्या साली पाणी चांगला आला, त्या साली कोणी हात नाही लावत. मंग होळीवरी भरून राह्यते, मंग मासोळ्या धरतेत. मोबाईलले का समजते आटला का सोडला?"

"यांना हे माहीत नव्हतं?"

"त्याले? तो जाये का बोडीकडे? लहानपनी बुडला, तवापासून पाळीवर बी चढला नाही."

मी कप खाली ठेवला. "हे तुम्हाला माहीत होतं?"

"साऱ्या गावाले माहीत हाये. तुले नाही सांगितला?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे जरा पाहिले. मग भाजीची जुडी दोन जागी केली आणि अर्धी माझ्या पिशवीत भरायला घेतली. "लाजला असन. बायकोले कोन सांगते, का मी बुडलो म्हनून. पराया मानसाले सांगता येते."

एसटीत मला यावर विचार करायला तासभर होता. जाऊबाईंनी सांगितले ते शहाणपणाचे होते. मला त्याचा उपयोग झाला नाही. परका असण्यातही एक जागा असते, आणि ती मला बावीस वर्षांत कधी मिळणार नव्हती, एवढेच त्यातून कळले.

कोड लिहिण्याचे म्हणाल तर मला येत नव्हते. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासात संगणकाचा एक पेपर होता, आणि कॉलेजची पुस्तकांची यादी संगणकावर घेताना थोडेफार हाताखालून गेले होते. पण यांची वही होती. चौकोनी रेघांची, गणिताची. शिकताना जे जे अडले ते त्यांनी तिच्यात लिहून ठेवले होते, आधी चूक आणि खाली तिचे कारण. मी ती वही पाठ्यपुस्तकासारखी वाचली. त्यांचा कोडही वाचला. तो मला त्यांच्या कपाटासारखा वाटला. कमी वस्तू, प्रत्येकीला जागा. कुठे काय ठेवले असेल याचा अंदाज मला येत गेला आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघाला. या एका गोष्टीचा मला त्या दिवसांत आनंद झाला.

करायचे होते ते थोडे होते. बोडीला भरलेली आणि कोरडी अशा दोनच अवस्था होत्या. मी तिसरी घातली: पाणी सोडलेली. वाटेवरून जाणाऱ्याला पाळ फोडलेली दिसली तर त्याने तसे नोंदवावे, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती बोडी तुटक कडेने दिसावी. जेमतेम वीस ओळी. त्याला मला नऊ सकाळी लागल्या. बदल केला की एक तपासणी आपोआप चालते आणि चुकले की लाल फुली येते. मी इतक्या फुल्या पाहिल्या की शेवटी हिरवी खूण आली तेव्हा पानच चुकले असेल असे वाटले.

त्या प्रकल्पाची एक रीत आहे. प्रत्येक बदलाबरोबर तो का केला, ते एका ओळीत लिहायचे. यांच्या सगळ्या ओळी मी वाचल्या होत्या, तारेसारख्या तुटक. मी लिहिले: "बोडी आटत नाही, ती धानाला दिली जाते." आणि मुदतीच्या तीन दिवस आधी, कॉलेजला जाण्यापूर्वी, पाठवून दिले.

दुपारच्या सुट्टीत फोनवर उत्तर होते.

"तुम्ही आलात. किती बरे वाटले. मी रोज पाहत होतो. तब्येत ठीक आहे ना? आई आता काठीशिवाय बागेपर्यंत जाते, तुम्ही विचारता म्हणून सांगतो. धानाला दिली जाते, हे उत्तर फार सुंदर आहे. मला सुचले नसते."

काय झाले ते कळायला मला थोडा वेळ लागला. बदल कोणाच्या नावाने जातो ते आधी तपासायचे असते, हे कोड पाठवणाऱ्या कोणालाही माहीत असते. मला माहीत नव्हते. लॅपटॉप त्यांचा होता. एकदा त्यात नाव भरून ठेवले की त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक बदलावर ते नाव आपोआप उमटते. काम मी केले होते आणि तिथे, मार्गशीर्षातल्या तारखेला, नाव त्यांचे लागले होते. किटलीवाल्याला कोणी काही कळवलेलेच नव्हते. कळवणार कोण?

संध्याकाळी त्याने माझ्या ओळी एकेक करून तपासल्या. एका ठिकाणी लिहिले: "तिसऱ्या अवस्थेला दिलेले हे नाव फार लांब आहे, तुम्ही अशी नावे ठेवत नाही. आणि कारण पहिल्यांदाच पूर्ण वाक्यात लिहिलेत. सुट्टी मानवली म्हणायची."

मला त्यांचे हस्ताक्षर ओळखता येई, जिन्यावरचा पाय ओळखता येई. पण अशीही त्यांची एक खूण आहे, आणि ती या माणसाला दुरून, न पाहता ओळखता येते, हे मला तेव्हा समजले. मी खरे सांगायला हवे होते. त्याऐवजी मी ते नाव लहान केले आणि त्यांच्यासारखे दोनच शब्द लिहिले: "लहान केले." त्याने अंगठा दाखवला.

असे चार दिवस गेले. का गेले, ते लिहायला मला सोपे जात नाही. गोंदियात तोपर्यंत सगळ्यांना कळले होते. भाजीवाली मला पाहून आवाज उतरवत असे, कॉलेजातला शिपाई "मैडम, आप बैठिए" म्हणून माझ्या हातातली पुस्तके घेत असे. मी सगळीकडे विधवा होते. त्या एका पानावर नव्हते. तिथे ते होते, सुट्टीवरून परत आलेले, आणि कोणीतरी त्यांची वाट पाहून खूश झालेले होते. मी तो निरोप दिवसातून कितीदा तरी उघडून वाचत असे, आणि प्रत्येक वेळी त्याचा आनंद मला खुपे. माझ्याकडे त्यांची वही, चष्मा आणि कपाट होते. जिवंत माणूस त्याच्याकडे होता.

पाचव्या दिवशी त्याने लिहिले: "पुढच्या आवृत्तीबरोबर तुमच्या कामाची ओळख द्यायची आहे. स्वतःबद्दल एक वाक्य पाठवा. कुठे राहता, सध्या काय शिकवता, एवढेच."

मी लिहिले, "मी गोंदियात गणित शिकवतो." ते समोर दिसले. मी ते पुसले. मग एका दमात लिहिले, शब्द न निवडता, जे मी कधी करत नाही: "ते भाद्रपदात वारले. हा बदल त्यांच्या पत्नीने केला आहे. तुम्हाला कोणी कळवले नाही, कारण तुम्ही आमच्यापैकी कोणाच्याही ओळखीचे नव्हता."

शेवटचे वाक्य लिहायची गरज नव्हती. ते मी मुद्दाम लिहिले. पाठवले, लॅपटॉप मिटला, डबा भरला आणि कॉलेजला गेले. दिवसभर मला बरे वाटत होते. आता तोही माझ्याइतकाच झाला, असे काहीसे वाटत होते.

सहा दिवस उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवसापासून माझे बरे वाटणे ओसरले. चौथ्या दिवशी मी ग्रंथालयात बसून स्वतःचे वाक्य पुन्हा वाचले आणि वाटले, हे कोणी मला लिहिले असते तर? सातव्या दिवशी त्याचे उत्तर आले.

"मला वाटायचे, मी काही चुकीचे बोललो म्हणून ते बोलत नाहीत. तुमचे पत्र वाचून मी बरेच चाललो. तुम्ही म्हणता ते खरे आहे, मी कोणाच्या ओळखीचा नाही. मी त्यांना कधी पाहिलेही नाही. विचारणे योग्य आहे की नाही माहीत नाही, पण ते किती उंच होते?"

त्यांची उंची मला बोटांनी माहीत होती. दाराच्या चौकटीला त्यांचे डोके कुठे लागे तिथे तेलकट डाग आहे. शर्टाच्या बाह्या अर्धा इंच आखूड कराव्या लागत. उभे राहून पुस्तक वाचताना ते डावीकडे कलत, त्यामुळे होते त्याहून थोडे बुटके वाटत. हे सगळे मी त्याला लिहू शकले असते.

मी लिहिले, "मध्यम."

त्याने आभार मानले. आणि खाली कामाचे लिहिले: "एक गोष्ट उरते. त्या बदलावर त्यांचे नाव आहे आणि तो तुम्ही केलेला आहे. आमच्याकडे कुठली ओळ कोणी लिहिली याची नोंद कायमची राहते. तुम्हाला ते नाव तसेच ठेवायचे असेल तर मी काही बोलणार नाही. दुरुस्त करायचे असेल तर कसे करायचे ते सांगतो."

मला ते तसेच ठेवायचे होते. त्यांचे काम त्यांनीच पुरे केले असे दिसले असते. नाव बदलले की त्यांची शेवटची तारीख श्रावणातली होणार होती, आणि तिच्यापुढे अर्धवट काम. मी जाऊबाईंना फोन केला. दुसऱ्या कोणाला हे सांगता येण्यासारखे नव्हते.

"राहू दे ना वो त्याच्याच नावानं," त्या म्हणाल्या. "कोनाले का समजते?"

"किटलीवाल्याला समजतं."

"तो का आपला सोयरा हाये का?"

"नाही."

"मंग त्याच्यासाठी कायले जीव जाळून राहिली?"

याचे खरे उत्तर असे होते की मी त्याच्यासाठी नाही, त्याच्यावर जळत होते. नाव तसेच ठेवायचे तर ते त्याच्या मेहरबानीने राहिले असते. तो काही बोलला नसता. त्यांच्याबद्दलचे एक खोटे आम्हा दोघांत कायमचे राहिले असते, आणि ते जपण्यात त्याचा अर्धा वाटा असता. तो मला नको होता. शिवाय सव्वीस वर्षे मी पुस्तकांच्या नोंदी केल्या आहेत, आणि लेखकाच्या जागी जाणूनबुजून भलते नाव आजवर लिहिले नाही.

त्याने सांगितलेल्या पायऱ्या मी एका कागदावर उतरवल्या आणि नाव बदलले. वर त्यांचे नाव श्रावणापर्यंत, खाली माझे. किटलीवाल्याने त्याच दिवशी तो सगळा बदल आत घेतला. पौष संपता संपता नवी आवृत्ती आली. मी फोनवर दवनीवाडा शोधला आणि खालची बोडी पाहिली. ती निळी होती. यंदा दसऱ्याला पाऊस चांगला झाला होता, म्हणून बरोबरच होते.

मग मी सवयीने तो कोड पहिल्या ओळीपासून तपासला, आणि एक ओळ कमी असल्याचे दिसले. महिन्यांच्या यादीच्या डोक्यावर यांनी एक टीप लिहून ठेवली होती. कोड वाचणाऱ्याच्या सोयीसाठी अशा टिपा लिहितात, त्यांनी ॲपला काही फरक पडत नाही. "चैत्रापर्यंत बोडीला पाणी असतेच, मी पाहिले आहे." पाहिले ते सातव्या वर्षी, त्यानंतर ते पाळीवर चढलेच नव्हते. आत घेताना किटलीवाल्याने ती काढून टाकली होती. माझ्या बदलानंतर ती टीप खोटी ठरत होती. ती खोटी मीच ठरवली होती. त्याच्या जागी कोणाही जाणकाराने ती काढलीच असती.

मी दोन दिवस थांबले. मग माझ्या नावाने, या वेळी नाव नीट तपासून, एक नवी विनंती पाठवली: ती ओळ जिथे होती तिथे परत ठेवावी. कारणाच्या जागी लिहिले, "त्यांनी पाहिले होते."

दुसऱ्या दिवशी त्याचे उत्तर आले: "ही ओळ आता खरी नाही."

मी लिहिले, "माहीत आहे."

त्यानंतर आम्हा दोघांपैकी कोणीही काही लिहिलेले नाही. त्याने विनंती नाकारलेली नाही, आणि मी ती मागे घेतलेली नाही.